विशेषण तपासणी उपसमिती

माणूस मेल्याबरोबर चांगला होतो, ही गोष्ट आपल्या समाजात सर्वमान्य आहे. हा बदल नेमका कोणत्या क्षणी घडतो, याचा मात्र कोणी पद्धतशीर अभ्यास केलेला नव्हता. बदलापूर पूर्वेला, कात्रपमध्ये राहणाऱ्या एक्केचाळीस निवृत्त गृहस्थांनी तो केला. त्यांच्या निरीक्षणानुसार सर्वसाधारण माणूस डॉक्टरांनी मान हलवल्यापासून चार तासांत चांगला होतो. मृत्यू रविवारी झाल्यास दोन तास पुरतात (कारण लोक घरीच असतात). पाण्याच्या टाकीवरून भांडण चालू असेल तर आठ तास लागतात. सख्ख्या भावांच्या बाबतीत खात्रीलायक आकडा मिळू शकला नाही.

हे गृहस्थ म्हणजे उत्तरायण ज्येष्ठ नागरिक मंडळ, स्थापना १९८८. बहुतेक जण अंबरनाथच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले, काही उल्हासनगरच्या कचेऱ्यांतून. तीस-पस्तीस वर्षं भोंग्यावर उठलेली आणि भोंग्यावर जेवलेली ही माणसं. भोंगा न वाजताही संध्याकाळ होते, हे त्यांना निवृत्तीनंतर कळलं आणि ते त्यांना आवडलं नाही. म्हणून त्यांनी मंडळ काढलं. शाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या कट्ट्यावर रोज पाच वाजता हजेरीपट फिरू लागला. न सांगता गैरहजर राहणाऱ्याला कारण विचारलं जाई. 'मुलाकडे गेलो होतो' हे कारण चाले. 'कंटाळा आला' हे चालत नसे, कारण कंटाळा सगळ्यांनाच आलेला होता.

म्हातारपणाची मुख्य अडचण अशी, की ते शेजारपाजारच्या सगळ्यांना एकदम येतं आणि प्रत्येकाला वाटतं की आपलंच खरं. सुरुवातीला कट्ट्यावर एकाच वेळी अकरा जण अकरा दुखणी सांगत आणि ऐकायला कोणी उरत नसे. म्हणून ठराव क्रमांक चार मंजूर झाला : एका दिवशी एकच अवयव. सोमवारी गुडघे, मंगळवारी पचन, बुधवारी डोळे, गुरुवारी दात (स्वतःचे व करवून घेतलेले), शुक्रवारी झोप, शनिवारी रक्तदाब. रविवार सुनांसाठी राखून ठेवला. सून हा अवयव नव्हे अशी एक हरकत आली, पण दुखणं तेवढंच असल्यामुळे ती फेटाळण्यात आली. हृदयाला वार दिलेला नव्हता. त्याची तक्रार सांगायला सहसा कोणी येत नाही.

असं सगळं सुरळीत चाललं असताना १९९० साली श्रीपादराव वारले. शोकसभेत मंडळाचे अध्यक्ष चिंतामणी गद्रे यांनी त्यांचं वर्णन 'अजातशत्रू' असं केलं. पहिल्या रांगेत बसलेल्या तीन गृहस्थांवर श्रीपादरावांनी कोर्टात दावे लावलेले होते. त्यांतल्या एकाने तर मानही डोलावली. तेवढ्यात पाठीमागून एक सदस्य उभे राहिले आणि म्हणाले, "गद्रे, माल न बघता शिक्का मारताय."

हे सदस्य म्हणजे दिनानाथ टिपणीस. माझे वडील. आम्ही त्यांना नाना म्हणत असू.

नानांनी अंबरनाथच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी खात्यात काढली होती. समोर आलेला नग उचलायचा, मापाला लावायचा आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचं, हे त्यांचं काम. घरीही त्यांनी कधी कशाला छान म्हटल्याचं मला आठवत नाही. भाजी पास होत असे. माझा दहावीचा निकाल पास झाला (बोर्डाकडून आणि नंतर नानांकडून, असा दोनदा). जावईही पास झाले, मात्र थोड्या निरीक्षणानंतर.

त्यांच्या हरकतीवर पंधरा दिवस चर्चा झाली आणि विशेषण तपासणी उपसमिती जन्माला आली. निमंत्रक अर्थातच नाना. उद्देश साधा होता : सदस्याच्या पश्चात त्याच्याविषयी जे बोलायचं, ते तो हयात असतानाच तपासून ठेवावं, म्हणजे ऐनवेळी धांदल होत नाही. प्रत्येक सदस्याचं एक प्रपत्र तयार झालं. त्यात तेवीस विशेषणं छापलेली. सदस्याने आपल्याला लागू असतील त्यांवर खूण करायची, नसतील ती खोडून आद्याक्षरं करायची. खूण केलेल्या प्रत्येक विशेषणाला दोन साक्षीदार हवेत, एक बाहेरचा आणि एक घरातला. साक्षीदाराने नुसतं 'हो, हो' म्हणून भागत नसे. प्रसंग सांगायचा, महिना आणि वर्ष सांगायचं. ते शोकसभेत माईकवरून वाचलं जाईल याची त्याला कल्पना द्यायची.

काही विशेषणांना जादा अटी होत्या. 'हसतमुख' असल्यास फोटो जोडावा लागे, आणि तो स्टुडिओतला चालत नसे. 'परोपकारी' असल्यास ज्याच्यावर उपकार केला तो भाडेकरू किंवा मेहुणा नसावा. 'भरून न येणारी पोकळी' वर्षातून दोनदाच वापरायची. दर महिन्याला एक पोकळी निर्माण होऊन ती भरून आली नाही, तर मंडळ कशावर उभं राहणार, असा नानांचा सवाल होता.

या योजनेचा समाजावर चांगला परिणाम झाला, हे नमूद केलंच पाहिजे. पुरावा गोळा करण्यासाठी का होईना, कात्रपमधले म्हातारे चांगलं वागू लागले. गुरुदत्त वैद्य वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी शेजारणीचा गॅस सिलिंडर खांद्यावरून तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेले आणि तिथल्या तिथे त्यांनी तिची सही घेतली. (सिलिंडर रिकामा होता. बदलून घेण्यासाठी तिने तो नुकताच खाली आणून ठेवला होता. पण एवढं धापा टाकणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार, म्हणून तिने सही केली.) शिवरामपंत रोज सकाळी बायकोसाठी चहा करू लागले, आणि जिन्यावरून जाणाऱ्यांना दिसावं म्हणून दार उघडं ठेवून करू लागले. सात महिन्यांनी उपसमितीने त्यांच्या पत्नीची, द्रौपदीबाईंची, साक्ष घेतली. त्या म्हणाल्या, "चहा करतात हे खरं. पण सगळ्या बिल्डिंगला दाखवून होईपर्यंत तो गार होतो. मनमिळाऊ लिहा हवं तर. प्रेमळ नको."

'प्रेमळ' हे विशेषण सगळ्यांत जड गेलं. तीन वर्षांत अडतीस जणांनी त्यावर खूण केली. अडतीसही जणांना बाहेरचा साक्षीदार मिळाला, कोणाला दोन-दोन मिळाले. घरातला साक्षीदार फक्त पाच जणांना मिळाला, आणि त्यांतल्या दोघांची साक्ष दिवाळीनंतर मागे घेण्यात आली. नानांनी हे आकडे एका तक्त्यात मांडून कट्ट्यावर वाचून दाखवले. त्या दिवशी बुधवार असूनही कोणी डोळ्यांविषयी बोललं नाही.

१९९४ च्या जानेवारीत, एका मंगळवारी सकाळी, दाढी करता करता नाना गेले. अर्धी दाढी झाली होती. चार तासांचा नियम त्यांना लागू झाला की नाही, हे मी सांगू शकत नाही. निरोप मिळून मी उल्हासनगरहून पोचेपर्यंत पाच तास होऊन गेले होते आणि घरात जमलेले सगळे जण ते किती वक्तशीर होते एवढंच बोलत होते.

तिसऱ्या दिवशी गद्रे काका प्रपत्र घेऊन आले. नानांनी स्वतःचं प्रपत्र उपसमितीच्या फाइलमध्ये इतरांच्या प्रपत्रांसोबत, अकारविल्हे लावून ठेवलं होतं. तेवीसपैकी 'वक्तशीर' आणि 'काटेकोर' या दोहोंवर खूण होती, आणि पुरावा म्हणून हजेरीपटाचे उतारे टाचलेले. वीस विशेषणं खोडलेली होती, प्रत्येक रेघेपाशी आद्याक्षरं. राहिलं एक. 'प्रेमळ' खोडलेलंही नव्हतं आणि त्यावर खूणही नव्हती. शेजारी पेन्सिलीचा एक ठिपका होता, टोक टेकवून पुन्हा उचलल्यासारखा.

गद्रे काकांनी नियम पुन्हा वाचले. अपुऱ्या नोंदीचा निर्णय निमंत्रकाने घ्यावा, असा नियम होता, आणि निमंत्रक आत फोटोत होते. शेवटी त्यांनी ठरवलं, की नियमाप्रमाणे दोन साक्षीदार मिळाले तर ठिपक्याला खूण समजावं, नाही तर विशेषण खोडावं. शोकसभा येता रविवार सोडून पुढच्या रविवारी होती.

मला हे सगळं हास्यास्पद वाटलं. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, चार पुस्तकं वाचलेली आहे, आणि छापील शब्दावर खूण असली काय आणि नसली काय, माणूस तोच राहतो, एवढं मला कळतं. तरी त्या रात्रीपासून मला तो ठिपका दिसायचा थांबेना.

घरातली पहिली साक्ष माईची, म्हणजे माझ्या आईची. गद्रे काकांनी पेन सरसावलं. माई म्हणाली, "प्रसंग आहे एक."

"महिना, वर्ष?"

"तेही आहे. पण तुम्ही तो माईकवर वाचणार."

"नियमच आहे, वहिनी. त्यांनीच केलेला."

"मग नाही सांगायचा," माई म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली. गद्रे काकांनी लिहिलं : 'प्रसंग आहे, साक्षीदार सांगत नाही, अग्राह्य.' मी मागाहून स्वयंपाकघरात जाऊन तिला विचारलं. तिने भांडी विसळता विसळता सांगितलं, की तो मलाही सांगण्यासारखा नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारातला एकमेव ज्ञात पुरावा अशा रीतीने अजूनही माईच्या ताब्यात आहे.

बाहेरचा साक्षीदार आपण होऊन आला. भीमराव हे अंबरनाथच्या बुवापाड्यातले, तपासणी खात्यात नानांच्या हाताखाली एकोणीस वर्षं काम केलेले. दहाव्याच्या आदल्या दिवशी ते भेटायला आले, फोटोपुढे उभे राहिले आणि मग गद्रे काका कागद घेऊन समोर बसलेत म्हटल्यावर त्यांना वाटलं की ही कारखान्याची चौकशी आहे. ते ताठ बसून बोलले.

"साहेबांनी मला तीन मेमो दिले. तिसरा घरी आणून दिला. त्र्याऐंशीचा जुलै. आमची रखमा टायफॉइडने आजारी, मी चार दिवस न सांगता घरी. साहेब सायकल मारत आले. मेमो दिला, सही घेतली. मग पिशवी दारात ठेवली. चार मोसंबी, आणि डब्यात पेज."

"काय म्हणाले?" गद्रे काकांनी विचारलं.

"म्हणाले, मेमोचं उत्तर तीन दिवसांत द्या. मोसंबीचं काही बोलले नाहीत."

भीमरावांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला तो मेमो काढला. साडेदहा वर्षं त्यांनी तो जपून ठेवला होता. उपसमितीची तातडीची बैठक झाली. मेमोला कागद आहे पण मोसंबीला नाही, आणि मेमो हा प्रेमळपणाच्या विरुद्ध पुरावा ठरतो, असं शिवरामपंतांचं म्हणणं पडलं. चाळीस मिनिटांच्या चर्चेनंतर मात्र एकमत झालं, की मेमोमुळे महिना आणि वर्ष निर्विवाद ठरतात, त्याअर्थी मोसंबीही त्याच दिवशीची. साक्ष ग्राह्य. साहेब लोक मेमो देताना तारीख घालतात ती किती उपयोगी पडते, हे त्या दिवशी मला कळलं.

राहिली घरातली एक सही, म्हणजे माझी.

माझं लग्न होऊन मी उल्हासनगरला, चार नंबरच्या कॅम्पात गेले, तेव्हापासून अकरा वर्षं नाना दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा वाजता येत. आल्यावर चहा घेत नसत. आधी गॅसच्या नळीला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघत. मग टेस्टर घेऊन एकेक बटण. मग बाल्कनीचे गज हलवून बघत, डावीकडून उजवीकडे, क्रमाने. मुलगी झाल्यावर तिच्या पाळण्याच्या कड्या त्यांत वाढल्या. शेजारच्या सिंधी आंटी कितीतरी वर्षं त्यांना गॅस कंपनीचा माणूस समजत होत्या, आणि आमच्याच घरी दर महिन्याला चेकिंग कसं होतं, हमारे यहाँ क्यों नहीं आते, असं त्यांनी मला एकदा रागाने विचारलंही होतं. तपासणी संपली की नाना तारखेच्या कॅलेंडरचं एक पान फाडून त्याच्या पाठीवर दोषांची यादी लिहीत, खाली सही करत, आणि मग चहा घेत.

याद्यांचा नमुना साधारण असा : एक, गॅसची नळी, बदलणे. दोन, बाल्कनी गज क्रमांक चार, हलतो. तीन, न्हाणीघराचं बटण, ओल्या हाताने लावू नये. चार, कुंदाचा खोकला, आठ दिवस झाले, दाखवणे.

कुंदा म्हणजे मी. प्रत्येक यादीत शेवटचा नग मीच असे. कधी खोकला, कधी डोळ्यांखाली काळं, कधी नुसतंच 'बोलत नाही, कारण विचारणे'. घरी परतल्यावर कारण विचारायचं काम ते माईकडे सोपवीत. आमचे हे ऑफिसातून आले की विचारत, "इन्स्पेक्शन झालं का?" आणि मी म्हणत असे, "झालं एकदाचं."

अकरा वर्षांत दर महिन्याला एक यादी. प्रत्येकीच्या पाठीवर छापील तारीख, पोटात प्रसंग, खाली सही. तेवीस विशेषणांसाठी मंडळाच्या एकाही सदस्याजवळ एवढा पुरावा निघाला नसता. शोकसभेच्या आधी मी घर उलटंपालटं केलं. डब्यांखाली बघितलं, मुलीच्या जुन्या वह्यांत बघितलं, ग्रंथालयातल्या माझ्या कप्प्यातही बघितलं. एकही मिळाली नाही. काहींच्या मुलीने होड्या केल्या होत्या. काही डब्यांखाली घातल्या होत्या, आणि डब्यांखालचे कागद मी दर दिवाळीला बदलते. बाकीच्या रद्दीत गेल्या. घर स्वच्छ ठेवण्याची सवय मला नानांनीच लावली.

शोकसभेत, शाळेच्या हॉलमध्ये, मी उभी राहिले आणि हे असंच सांगितलं. प्रसंग होते, तारखा होत्या, कागद मी टाकून दिले.

"एखादा तरी?" गद्रे काकांनी विचारलं. त्यांचा आवाज विनवणी केल्यासारखा होता.

"नाही."

गुरुदत्त वैद्य कनवाळू माणूस. त्यांनी सुचवलं, की आठवणीतून एक यादी पुन्हा लिहावी आणि तिच्यावर 'सत्यप्रत' म्हणून मंडळाचा शिक्का मारावा. कोणाला काय कळणार आहे? हॉलमधल्या बऱ्याच माना डोलल्या. मी म्हणाले, माल न बघता शिक्का मारता येत नाही. माझा आवाज जरा जास्तच कोरडा आला असावा, कारण मागच्या रांगेत सवयीने दोन-तीन जण सावरून बसले.

माईकवरून दोन विशेषणं वाचली गेली, वक्तशीर आणि काटेकोर. भीमरावांची मोसंबी वाचली गेली. 'प्रेमळ' या नोंदीबाबत, घरातील साक्षीदार उपलब्ध आहे परंतु तिने पुरावा नष्ट केला आहे, सबब निर्णय प्रलंबित ठेवण्यात येत आहे, असं गद्रे काकांनी जाहीर केलं. दोन मिनिटं शांतता पाळून मंडळी घरी गेली.

या गोष्टीला चार वर्षं झाली. दर जानेवारीत मी मंडळाकडे एका ओळीचा अर्ज करते : 'शोध चालू आहे, मुदत वाढवून मिळावी.' मंडळ मुदत वाढवून देतं. शोध चालू नाही, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. पण अर्ज थांबवला तर नियमाप्रमाणे ते विशेषण खोडावं लागेल, आणि रेघेपाशी आद्याक्षरं माझी लागतील.

उपसमितीने आता चाळिशीपुढच्या कोणालाही, सदस्य नसला तरी, प्रपत्र द्यायला सुरुवात केली आहे. इथपर्यंत वाचताना ज्यांना कात्रपच्या म्हाताऱ्यांचं हसू आलं असेल, त्यांनी अवश्य मागवावं. बाहेरच्या साक्षीदाराची चिंता नको, तो ऑफिसात नाही तर शेजारी नक्की मिळतो. घरातल्यासाठी मात्र आत्ताच, हे पान खाली ठेवून, शेजारच्या खोलीत जावं. जे कोणी तिथे असेल त्याला आपल्या प्रेमळपणाचा एक प्रसंग विचारावा, महिना आणि वर्षासह, आणि घड्याळ बघत उभं राहावं. उपसमितीच्या नोंदींनुसार पहिल्या मिनिटात बहुतेक घरांतून एकच उत्तर येतं : "का? काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

हे उत्तर पुरावा म्हणून ग्राह्य धरलं जात नाही.